खुलासा : स्वतंत्र संचालक म्हणजे ठेवींचे हमीदार नव्हेत

नाशिकमध्ये सिडको-पंचवटीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : ‘मोठ्या खासगी बँकेत स्वतंत्र संचालक रिझर्व्ह बँक नेमते, प्रत्येक कर्ज तेच मंजूर करतात, त्यांनी राजीनामा दिला की ठेवी काढा.’ यातलं एकही विधान बरोबर नाही.

स्वतंत्र संचालक म्हणजे व्यवस्थापनाशी किंवा प्रवर्तकांशी हितसंबंध नसलेले संचालक मंडळातले सदस्य. त्यांची नेमणूक भागधारक मतदानाने करतात. कंपनी कायदा 2013, कलम 149 प्रमाणे शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनीत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र लागतात. मुदत सलग 5 वर्षांपर्यंत. दुसऱ्या मुदतीसाठी विशेष ठराव, म्हणजे किमान तीन चतुर्थांश मतं. रोजची कर्जं बँकेचे अधिकारी बघतात. यांचं खरं काम व्यवस्थापनाला अडचणीचे प्रश्न विचारणं. म्हणूनच रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार लेखापरीक्षण (हिशेब तपासणी) समितीच्या बैठकीला हजर सदस्यांपैकी किमान दोन तृतीयांश स्वतंत्र हवेत. जबाबदारीही मर्यादित : संमती, संगनमत किंवा हलगर्जी असेल तरच.

राजीनामा दुर्लक्षावा असं मात्र नाही. सविस्तर कारणं बँकेला 7 दिवसांत शेअर बाजाराला कळवावी लागतात, शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरचं मूळ पत्र वाचा. (‘वैयक्तिक कारण’ एवढंच असेल तर शंका रास्त, पण तो गैरव्यवहाराचा पुरावा नव्हे.)

ठेवींना विमा 5 लाखांपर्यंत, मुद्दल-व्याज धरून, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला. मुदत ठेव घाईत मोडली तर सहसा व्याज कमी मिळतं. तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.