ऋण काढून उभारलेला घुमट

अमेरिकेतील मिलवॉकी शहरातले सेंट जोसाफाट चर्च म्हणजे ऋण काढून केलेला सण आहे, असे बँकेतून निवृत्त झालेले काका म्हणाले आणि कट्ट्यावर वादाला तोंड फुटले. त्यांचा मुद्दा साधा होता: कारखान्यांत राबणाऱ्या पोलिश स्थलांतरितांनी राहती घरे गहाण टाकून रोमच्या सेंट पीटर चर्चच्या धर्तीवर घुमट बांधावा, हा कुठला शहाणपणा?

आमच्यातले स्थापत्य अभियंता यावर उसळलेच. वस्तीला मोठ्या चर्चची गरज होती आणि धर्मगुरू विल्हेल्म ग्रुत्झा काटकसरीचाच मार्ग शोधत होते, असे त्यांनी सुनावले. शिकागोचे पोस्ट आणि कस्टम हाउस, म्हणजे टपाल व जकात कचेरीची सरकारी इमारत, खचल्यामुळे 1896 मध्ये पाडले जात होते. ग्रुत्झा यांनी तो मोडीचा माल 20,000 डॉलरना विकत घेतला आणि सुमारे 500 उघड्या रेल्वे वाघिणींतून घडीव दगड मिलवॉकीत आणला. वास्तुरचनाकार एऱ्हार्ड ब्रीलमायर यांच्या मनात आधी विटांचे चर्च होते. मिळालेल्या दगडांत ते बसावे म्हणून त्यांनी आराखडा नव्याने आखला, आणि त्यामुळे फारच थोडे दगड पुन्हा घडवावे लागले. नकाशाप्रमाणे दगड घडवणारे पुष्कळ असतात, पण हाती आलेल्या चिऱ्यांवरून एवढा घुमट पेलणारा नकाशा काढणे हे असामान्य कसब आहे, हे अभियंत्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटते. दर्शनी बाजूचे ग्रॅनाइटचे खांब तर त्या इमारतीतून आलेच, शिवाय अमेरिकी कोषागाराची मुद्रा असलेल्या दरवाज्यांच्या मुठीही तशाच बसवल्या गेल्या. परक्या देशाची सरकारी मुद्रा हाताखाली घेऊन ही मंडळी आपल्या देवाच्या दारातून आत जात, हे चित्र मला फार मोलाचे वाटते.

काकांनी मात्र हिशेब सोडला नाही. वीस हजार ही मालाची किंमत झाली. वाहतूक, पाया आणि उभारणी यांचा खर्च कोणी सोसला? चर्च 1901 मध्ये पूर्ण झाले, त्याच वर्षी ग्रुत्झा वारले आणि कर्ज भाविकांच्या गळ्यात राहिले. 1910 मध्ये फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संन्याशांच्या संघाने कारभार हाती घेतला, तरी ते कर्ज फिटायला 1925 साल उजाडले. त्यानंतरच, 1926 मध्ये, आतील चित्रसजावट पूर्ण झाली आणि 1929 मध्ये पोपनी चर्चला बॅसिलिकाचा, म्हणजे खास मानाच्या चर्चचा, दर्जा दिला.

यावर शाळेतल्या बाईंनी विचारले, की ज्या समाजाचा मायदेश तेव्हा रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी वाटून घेतला होता, त्याने परदेशात आपल्या नावाची एक तरी भक्कम वास्तू उभारायची नाही का? काका थोडे नरमले. इमारतीबद्दल आपली तक्रार नाही, असे त्यांनी मान्य केले. पण ज्या पोरांनी 1901 नंतर बापाच्या कर्जाचे हप्ते भरले, त्यांना कोणी विचारले होते का, हा त्यांचा प्रश्न कायम राहिला, आणि त्याचे उत्तर अभियंत्यांकडेही नव्हते.