८८० पाउंडचं किट १,३४० कसं भरलं

नमस्कार. रिव्ह्यू मराठीत लिहिलात म्हणून उत्तरही मराठीतच देतोय. तुमचं म्हणणं असं की आमच्या टिअरड्रॉप किटच्या (घरी जोडायचा थेंबाच्या आकाराचा छोटा कॅम्प ट्रेलर) कागदावर ८८० पाउंड लिहिलंय आणि ट्रक स्टॉपच्या कॅट स्केलवर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर, तुमचा ट्रेलर १,३४० भरला, म्हणजे आम्ही खोटं वजन सांगून माल खपवतो. तसं नाहीये. ते ८८० रिकाम्या खोक्याचं आहे, म्हणजे चासी, ॲक्सल, चाकं, भिंती, छप्पर, दोन दारं आणि वरचा ॲल्युमिनियमचा पत्रा, बस्स, आणि हे त्याच कागदावर आकड्याच्या खालीच छापलंय.

पण रिव्ह्यूत दिलेल्या स्टारचं नंतर बघू, आधी महत्त्वाचं. तुम्ही टाकलेल्या स्लिपच्या फोटोत १,३४० हा आकडा "ट्रेलर ॲक्सल"समोर आहे, आणि ट्रेलर तेव्हा गाडीला जोडलेला होता. म्हणजे हिचवर (ट्रेलर गाडीला जिथे जोडतात तो सांधा) येणारा भार गाडीच्या ॲक्सलवर मोजला गेला, ट्रेलरमध्ये धरलाच गेला नाही. तो साधारण १० ते १२ टक्के धरा, तर तुमचा ट्रेलर खरा १,४९० ते १,५२० च्या आसपास आहे. तुमच्या पेट्रोल होंडा सीआर-व्हीची ओढायची मर्यादा १,५०० पाउंड, आणि कॅलिफोर्नियात कॅम्प ट्रेलर भरून १,५०० किंवा जास्त झाला की त्याला ब्रेक हवेतच, तुम्ही तर बिनब्रेकचा ॲक्सल घेतलाय. टाहोला आय-८० हायवेने जायचं म्हणताय, तो रस्ता डॉनर समिटला ७,२०० फुटांच्या वर चढतो आणि मग उतार, म्हणून कळकळीने सांगतो, हे निस्तरल्याशिवाय घाटात नेऊ नका.

आता वाढलं कुठे ते. तुमच्या फोटोंत भिंती पाऊण इंची प्लायच्या सलग दिसतायत, आमच्या किटमधल्या आतून कोरलेल्या असतात आणि पोकळीत फोम बसतो. ४ बाय ८ चा पाऊण इंची बर्च शीट जवळपास ७५ पाउंडचा, त्यामुळे नुसत्या भिंतींतच साठेक पाउंड वाढले, वर मागचं किचनही त्याच प्लायचं केलंय, ते अजून दोन-अडीच शीट, तिथे अर्धा इंची किंवा पाव इंचीनेसुद्धा भागलं असतं. मग एजीएम बॅटरी (बंद लेड-ॲसिड प्रकारची), तीच ६० पाउंडच्या पुढे. २० पाउंडचा म्हणतात तो प्रोपेन सिलिंडर भरलेला ३७ पाउंडचा असतो, कारण रिकामी टाकीच १७ ची. १० गॅलन पाणी म्हणजे ८३ पाउंड!! गादी, कूलर, स्पेअर चाक, बिडाची भांडी अजून धरलीच नाहीत. आणि पाणी, किचन दोन्ही ॲक्सलच्या मागे, म्हणजे हिचवरचा भार कमी होतो आणि ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो, मला वजनापेक्षा याची जास्त काळजी वाटते.

घरी करताना अंदाज कागदावर नाही, बाथरूमच्या काट्यावर बांधायचा. शीट हातात घेऊन उभं राहायचं, आपलं वजन वजा करायचं, लिहून ठेवायचं, दार असो बिजागरी असो, बसवायच्या आधी तोलायचं. स्क्रू, गोंद, व्हार्निश यांचंही वजन होतंच, कुणी धरत नाही. शेवटी कॅट स्केलवर दोनदा, एकदा जोडून आणि एकदा नुसती गाडी, दोन्ही ग्रॉसमधला (एकूण वजनातला) फरक म्हणजे ट्रेलर. हिचचा भार मात्र तोच बाथरूमचा काटा लाकडी ठोकळ्यावर हिचच्या उंचीला ठेवून घरीच मोजता येतो.

सॅक्रामेंटोच्या वर्कशॉपला या, शनिवारी मी असतोच. तोलायचे पैसे घेणार नाही, बॅटरी पुढे टंगवर (हिचकडे जाणाऱ्या दांड्यावर) हलवून देतो, आणि ब्रेकवाला ॲक्सल बदलून हवा असेल तर जुना पूर्ण किमतीत परत घेतो, गाडीत ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर मात्र तुम्हाला बसवावा लागेल. येताना पाण्याची टाकी रिकामी ठेवा, इथे नळ आहे, भरून तोलू.