याकोब 2:24 च्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माणूस कृपेने, विश्वासाच्या द्वारे नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरतो, या माझ्या लेखावर आपण याकोबाच्या पत्रातलं 2:24 पुढे केलंत: माणूस केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनी नीतिमान ठरतो. 'कृपेच्या नावाखाली तुम्ही आज्ञापालनाला सुट्टी दिलीत, याकोब 2:24 तुम्ही कधी वाचलेलंच नाही, 'केवळ' हा शब्द तर लूथरने (जर्मन धर्मसुधारक) घुसडला, असल्या शिकवणीनेच मंडळ्या आळशी झाल्या,' असं आपण लिहिलंत.

एक चूक मान्य. लेखात रोमकरांस 3:38 पडलं होतं, ते 3:28 हवं (माणूस नियमशास्त्राच्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो). त्या अध्यायात वचनंच 31 आहेत. दुरुस्त केलं.

पण 'वाचलेलंच नाही' हे कशावरून? बावीस वर्षं दर आठवड्याला बायबल अभ्यास घेतो आहे. मतभेद जरूर मांडा, समोरच्याची लायकी काढू नका.

आता ते वचन. पौल (रोमकरांस पत्राचा लेखक) आणि याकोब दोघंही इस्राएलाचा मूळपुरुष अब्राहाम याचंच उदाहरण देतात, पण त्याच्या आयुष्यातले प्रसंग वेगळे. पौल घेतो उत्पत्ती 15:6. वर तारे, पदरी मूल नाही, आणि अब्राहामाने देवाच्या शब्दावर विश्वास ठेवला. तोच त्याचं नीतिमत्त्व म्हणून गणला गेला. तेव्हा त्याचा पहिला मुलगा इश्माएलही जन्मला नव्हता, म्हणजे वय 86 च्या आत. सुंता झाली 99 व्या वर्षी, दुसरा मुलगा इसहाक झाला 100 व्या वर्षी. याकोब घेतो तो वेदीचा प्रसंग उत्पत्ती अध्याय 22 मधला, देवाच्या आज्ञेवरून अब्राहाम इसहाकाचं बलिदान द्यायला निघतो तो; तोवर इसहाक होमाची लाकडं वाहून नेण्याएवढा झाला होता. आणि तिथेच, 2:23 मध्ये, याकोब म्हणतो की उत्पत्ती 15:6 चं वचन पूर्ण झालं. म्हणजे नीतिमान गणला जाणं आधी, आज्ञापालन त्यातून उगवलेलं. आपण 24 वं वचन उचललंत आणि 23 वं सोडून दिलंत!

याकोब नाकारतो तो विश्वास भुतांचाही आहे. तीही मानतात आणि थरथर कापतात (2:19). उघड्या, उपाशी भावाला नुसतं 'ऊब घे, पोटभर खा' म्हणून वाटेला लावणारा तो विश्वास पौलालाही नको आहे. त्याला हवा तो प्रीतीतून काम करणारा, गलतीकरांस 5:6.

क्रम उलटा लावला की कृपेची मजुरी होते. काम करणाऱ्याचं वेतन मेहेरबानी नसतं, देणं असतं (रोमकरांस 4:4). मग किती उपास, किती दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग) पुरे, हा हिशेब मरेपर्यंत मिटत नाही, आणि माणूस भीतीपोटी आज्ञा पाळत राहतो. मला काळजी आहे ती याची.

लूथरने 1522 च्या जर्मन भाषांतरात रोमकरांस 3:28 मध्ये 'केवळ' घातला हे खरं आहे. मी ते नाकारलेलं नाही. मंडळ्यांच्या आळसाबद्दलच्या वाक्यात उत्तर देण्याजोगं काही नाही. पुन्हा लिहाल तेव्हा उत्पत्ती 15 आणि 22 शेजारी ठेवून लिहा, आणि जरा सभ्य भाषेत.