मोटरहोमची बॅटरी रात्रीत बसते, या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. ट्रिपमध्ये फॅमिलीला अंधारात बसावं लागलं त्याबद्दल सॉरी, मनापासून. पण "दोन दिवस गाडी अडकवली, नुसते फ्यूज काढून लावले आणि त्याचे पैसे घेतले" हे जिव्हारी लागलं हो. लोक एक स्टार बघतात आणि पुढे जातात, खाली काय लिहिलंय कोण वाचतं.

फ्यूज काढणं हीच तर तपासणी असते. सगळं बंद करून बॅटरीच्या निगेटिव्हला मीटर लावायचा, तरीही करंट जात असेल तर एकेक फ्यूज काढत जायचं, ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या लाईनवर चोर. त्याआधी बॅटरी फुल चार्ज करून काही तास तशीच ठेवावी लागते, नाहीतर व्होल्टेज खोटं चांगलं दिसतं. शांत बसलेल्या बॅटरीला 12.7 म्हणजे फुल, 12.2 म्हणजे अर्धी संपली. दिवस त्यात गेला. आणि राग मानू नका पण आकडा 0.08 अँपियरवर स्थिरावला की तुम्ही यायचात, कधी गॉगल राहिला, कधी चार्जर, दार उघडलं की पायरीचा दिवा लागणार, गाडीची सगळी इलेक्ट्रॉनिक्स जागी होणार, मीटर 3 च्या वर, परत अर्धा तास थांबा. गिऱ्हाईक म्हणून मी काही बोललो नाही.

0.08 अँपियर म्हणजे चोवीस तासात 2 अँपियर-अवरसुद्धा नाही, त्याने 100 ची बॅटरी एका रात्रीत बसत नाही. हेच मी तुम्हाला सांगितलं होतं, गाडीत फॉल्ट नाही, वापरात काहीतरी आहे. तुम्हाला ते टाळाटाळ वाटली.

आता तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय की "इन्व्हर्टर लावून बाहेरच्या सप्लायची केबल त्यात घातली तरी बॅटरी पहाटेआधी संपते". सर, हा इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीच्या 12 व्होल्टचे 230 व्होल्ट करणारा डबा, आम्हाला दाखवलाच नव्हता! ती केबल इन्व्हर्टरला लावली की गाडीतला चार्जर चालू होतो आणि बॅटरीतूनच वीज घेऊन बॅटरी चार्ज करत बसतो, या खिशातले पैसे त्या खिशात आणि मध्ये दलाली. चार्जरचा दिवा मस्त लागलेला असतो म्हणून वाटतं चार्जिंग होतंय. त्यात तुमचा गॅस आणि वीज दोन्हीवर चालणारा फ्रीज ऑटोवर, 230 व्होल्ट दिसले की तो गॅस सोडून विजेवर जातो, एकटाच बॅटरीतून 12-15 अँपियर ओढतो. लेड-ॲसिडची 100 ची बॅटरी निम्मीच वापरायची असते, म्हणजे 50, चार तासही निघणार नाहीत. झोपायच्या आधी चार्जरचा स्विच बंद करा, फ्रीज हाताने गॅसवर टाका, फरक त्याच रात्री दिसेल.

बाकी गाडी कामाला घेताना जास्त चौकशी करायची वगैरे सुधारणा आम्ही करतोच आहोत, स्टाफलाही सांगितलंय. तपासणीचे पैसे मात्र मेहनतीचे होते, ते परत देणार नाही, पण पुन्हा आलात तर वेगळे घेणारही नाही. फक्त येताना इन्व्हर्टर घरी काढून ठेवू नका, गाडीत जसा जोडताय तसाच जोडून आणा.