सूर्याकडे पाठ कशी फिरवावी

वीजजाल सांभाळण्याची जबाबदारी आपल्यावर आली असेल, तर प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी : सौर वादळ म्हणजे सूर्याने फेकलेला भारित कणांचा आणि चुंबकीय क्षेत्राचा लोट, पण सूर्य १५ कोटी किलोमीटरांवर आहे, आणि इतक्या लांबून आपले रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) तापवायला कोणीही येणार नाही. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यबिंबावर पांढरा झोत दिसला आणि १८ तासांच्या आत पृथ्वीवरील तारायंत्रे बिथरली, असे कोणी ऐकवल्यास, काही तारमास्तरांनी बॅटऱ्या काढून त्या आगंतुक प्रवाहावरच संदेश धाडले, एवढाच काटकसरीचा भाग लक्षात ठेवावा.

वाहिन्या शक्य तितक्या लांब ओढाव्यात, आणि त्याही वीज सहजी न वाहू देणाऱ्या कठीण खडकावरून. सौर वादळाने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र डळमळू लागले की जमिनीत विद्युतदाब निर्माण होतो, आणि जवळजवळ दिष्ट (एकाच दिशेने वाहणारा, डीसी) म्हणावा इतका संथ बदलणारा प्रवाह रोहित्रात शिरतो. तोही आपण सुरक्षिततेसाठी केलेल्या अर्थिंगमधूनच. मग रोहित्राचा लोखंडी गाभा दर आवर्तनाच्या एका अर्ध्यात संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व सामावू शकत नाही, रोहित्र तापते, हार्मोनिक्स (मूळ वारंवारतेच्या पटीतले नको असलेले तरंग) सोडते आणि मोठ्याने गुणगुणते. ते आनंदात आहे असे समजावे.

संरक्षक यंत्रणेवर तर डोळे मिटून विश्वास टाकावा. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेकमध्ये अशाच वादळात व्होल्टेज सावरण्यासाठी बसवलेली उपकरणे हार्मोनिक्समुळे स्वतःला वाचवत एकामागून एक बाजूला झाली, आणि सुमारे ९० सेकंदांत ६० लाख लोक अंधारात गेले, ते ९ तासांसाठी. उपकरणांनी आपले रक्षण चोख केले, हे अहवालात आवर्जून नमूद करावे. (अशा प्रवाहांनी जमिनीतल्या इंधनवाहिन्याही गंजतात, पण सावकाश, तोवर आपली बदली झालेली असते.)

पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरांवरचे उपग्रह वादळाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा तपासून साधारण १५ ते ६० मिनिटे आधी इशारा देतात. तेवढ्या वेळात भार कमी करण्यापेक्षा बैठकीची विषयपत्रिका तयार करावी.

मे २०२४ मध्ये २००३ नंतरचे सर्वांत तीव्र वादळ आले, तेव्हा न्यूझीलंडमध्ये काही वाहिन्या खबरदारी म्हणून आधीच बंद ठेवल्या गेल्या आणि मोठा अंधार झाला नाही. काहीच घडले नाही, त्याअर्थी खबरदारीची गरजच नव्हती, असा निष्कर्ष काढून पुढील अंदाजपत्रकातून ती तरतूद वगळावी.