चोविसावं वचन सगळ्यांना पाहिजे

परवा दुकानात एक जण आला. मोबाइलवरचा फोटो दाखवून म्हणाला, "भाऊ, हे मोठ्या अक्षरात काढून लॅमिनेशन करून दे." मी न पाहताच ओळखलं. बायबलमधलं मार्काचं शुभवर्तमान, अध्याय अकरावा, वचन चोविसावं. प्रार्थना करून जे काही मागाल ते मिळालंच आहे असा विश्वास धरा, म्हणजे ते तुम्हाला मिळेल.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे, सोबत चार एकर कोरडवाहू. आजूबाजूच्या पाच-सात गावांतली ख्रिस्ती घरं वचनं काढायला माझ्याकडेच येतात. इतक्या वर्षांत हे वचन मी किती वेळा छापलं त्याचा हिशोब नाही. त्याच्या लगेच खालचं पंचविसावं मात्र कोणी एकदाही मागितलं नाही. त्यावर पुढे बोलतो.

"कोणाची तब्येत?" मी विचारलं. पोरीची, म्हणाला. "औषध सुरू हाय ना?" यावर तो मशीनकडे पाहायला लागला. मग हळूच म्हणाला, "सध्या विश्वासावर हावो."

ते वाक्य दोन दिवसांपासून डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे. लांब होईल. ज्यांना पटणार नाही त्यांनी घरी येऊन भांडावं, चहा पाजीन.

माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल होता, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. आमच्या विदर्भात हा आजार किती घरांत आहे ते वेगळं सांगायला नको. लहानपणी सांधे सुजायचे, डोळे पिवळे व्हायचे, रात्रभर कण्हायचा. कोणी म्हणे वात, कोणी म्हणे करणी. नऊ वर्षांचा असताना नागपूरला नेलं, तेव्हा रक्त तपासून नाव कळलं. आई वाहक, बाबाही वाहक, म्हणजे दोष रक्तात, पण स्वतः आजारी नाहीत. अशा जोडप्याच्या प्रत्येक लेकराला हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के, नुसता वाहक होण्याची 50 टक्के. मी वाहक निघालो, तो आजारी. एकाच आईचं दूध प्यालेले दोघं. यात कोणाचा विश्वास कमी आणि कोणाचा जास्त होता, सांगा.

पुढे त्याला रोजची गोळी सुरू झाली. भरपूर पाणी प्यायचं, थंडीत अंग झाकून ठेवायचं, ताप आला की वाट पाहायची नाही. तो सावरला. आयटीआय केला, मोटर वाइंडिंग शिकला.

2009 मध्ये तालुक्याच्या गावी तीन दिवसांची उपास-प्रार्थना होती. बाहेरून एक प्रचारक आले होते. शेवटच्या रात्री ते म्हणाले, ज्याला खरंच विश्वास आहे त्याने आपल्या गोळ्या इथे स्टेजवर आणून ठेवाव्या. गोळी खिशात ठेवून मागता म्हणजे देवावर तुमचा भरवसाच नाही. माझा भाऊ उठला. मी शेजारीच बसलो होतो, त्याचा हात धरला नाही. उलट टाळ्या वाजवल्या. परत आला तेव्हा त्याचा चेहरा असा उजळला होता की आईने तिथेच पदर डोळ्याला लावला.

डिसेंबरच्या थंडीत त्याला झटका आला. छातीत दुखायला लागलं, श्वास पुरेना. भाड्याच्या जीपमध्ये त्याचं डोकं मांडीवर घेऊन आम्ही जिल्ह्याला निघालो. तो सारखा म्हणत होता, "दादा, मी मनातून टाकल्या होत्या न गोळ्या. खरंच मनातून टाकल्या होत्या." त्याला दुखण्यापेक्षा, आपला विश्वास खरा होता ना, याची काळजी जास्त होती.

तेव्हा वाचला. गोळ्या परत सुरू झाल्या. पण जानेवारी 2013 मध्ये गेला. पंचवीस वर्षांचा होता.

मातीला माणसं आली, रडली, गीतं म्हटली. तिसऱ्या दिवशी आमच्या मंडळीतलेच, म्हणजे चर्चमधलेच, एक वडीलधारे आईजवळ बसले आणि म्हणाले, "बाई, विश्वास कुठंतरी कमी पडला."

वाईट माणूस नव्हे तो. आमच्या पडत्या काळात त्याने घरी ज्वारीचं पोतं आणून टाकलेलं आहे. पण त्या वाक्याने माझ्या आईचं जे झालं ते लेकराच्या मरणाने झालं नव्हतं. ती हिशोब करायला बसली. रात्री बारा-एक वाजता उठून मला विचारायची, "माह्या मनात कवा शंका आली असंन रे?" आणि एका रात्री तिला ती सापडली. भाऊ जाण्याच्या दोन दिवस आधी तिने मला म्हटलं होतं, त्याचा आयटीआयमधला फोटो जरा मोठा करून ठेव. मी ए-फोरवर काढून ठेवला होता. "तवाच मी त्याले सोडलं," ती म्हणाली. "देवाने पाह्यलं असंन."

आता मला सांगा, एका फोटोच्या झेरॉक्सवरून लेकरू मारणारा देव कोण्या शास्त्रात आहे?

त्यानंतर मी पवित्र शास्त्र उघडून बसलो. चिडून बसलो, खोटं कशाला बोलू. आणि प्रेषितांच्या कृत्यांतला बारावा अध्याय लागला. रविवारशाळेपासून ऐकलेला, पण असा कधी वाचला नव्हता. हेरोद राजाने येशूच्या शिष्यांपैकी याकोबाला तलवारीने मारलं आहे, पेत्राला तुरुंगात टाकलं आहे. मंडळी मार्काच्या आईच्या घरी जमून रात्रभर प्रार्थना करते आहे. इकडे दूत पेत्राला बाहेर काढतो आणि तो त्याच घराचं दार ठोठावतो. रुदा नावाची पोरगी आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार उघडायचंच सोडून आत पळत जाते. आतले प्रार्थना करणारे काय म्हणतात? तू वेडी झालीस. ती हट्टच धरते, तर म्हणतात, त्याचा दूत असेल. ज्याच्यासाठी रात्रभर मागितलं तो दारात उभा, आणि मागणाऱ्यांनाच पटत नाही! पेत्र बिचारा ठोठावतोच आहे.

मिळालंच आहे असं त्या घरात एकालाही वाटत नव्हतं, तरी मिळालं. आणि त्याच अध्यायाच्या सुरुवातीला याकोब मेला. त्याच्यासाठी मंडळीने मागितलं नसेल का? तीच मंडळी, तोच विश्वास. एक वाचला, एक गेला. लिहिणाऱ्याने त्याचं कारण दिलेलं नाही, आणि आपण मात्र मयतीच्या घरी बसून कारण देतो.

मग त्या घरात विश्वास नव्हता का? होता, असं माझं मत. शिपाई गावभर असताना त्या रात्री ते तिथे जमले, हाच. आपल्याला पटत नसतानाही त्याच दाराशी जाऊन बसणं. मनात शंकेचा कण नको म्हणून मुठी आवळून बसण्याला मी आता विश्वास म्हणत नाही. त्यात सगळं लक्ष आपल्याच मनावर असतं, देवाकडे पाहायला कोणाला फुरसत?

याकोबाचं पत्रही लोक तोंडावर फेकतात. हा याकोब वेगळा. विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील. बरोबर आहे. पण एक वचन वर जाऊन पाहा. तिथे दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना बोलवायचं आहे आणि त्याला तेल लावून प्रार्थना त्या वडिलांनी करायची आहे. म्हणजे विश्वास मोजायचाच असेल तर आधी तेल घेऊन येणाऱ्यांचा मोजा. खाटेवर पडलेल्याचा कशाला? छप्पर उकलून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाच्या गोष्टीतही येशूने त्या उचलून आणणाऱ्यांचा विश्वास पाहिला, असंच लिहिलं आहे.

येशूचं गाव नासरेथ मी विसरलो नाही. तिथे लोकांच्या अविश्वासामुळे त्याला फारसं काही करता आलं नाही, असं मार्कच सांगतो. पण ते लोक कोण होते? हा तर सुतार, याला आम्ही ओळखतो, असं नाक मुरडणारे. माझी आई गुडघ्यांना घट्टे पडेपर्यंत मागत होती. तिला नासरेथकरांच्या रांगेत बसवू नका. आणि शेवटी गेथशेमाने बागेतली, धरून नेण्याआधीची ती रात्र आहेच. हा प्याला माझ्यापुढून दूर कर, अशी विनवणी खुद्द येशूने केली, आणि प्याला दूर झाला नाही. कोणाचा विश्वास कमी पडला तिथे? हे मी त्या वडीलधाऱ्यांना विचारलं होतं. ते खूप वेळ गप्प बसले आणि उठून गेले. नंतर सहा महिने आमच्या घरी आले नाहीत.

थोडं हलकं सांगतो. ऑक्टोबरमध्ये आमच्या उपासनेत येऊन पाहा. एकाच्या सोयाबीनची गंजी शेतात ताडपत्रीखाली आहे, तो मागतो, प्रभू, पाऊस थांबव. त्याच्या मागच्या सतरंजीवरचा मागतो, एक पाऊस दे, हरभरा पेरायचा आहे. दोघंही डोळे गच्च मिटून, पूर्ण विश्वासाने. आमचे पाळक हुशार, ते म्हणतात, "तुझ्या इच्छेप्रमाणे," आणि दोघंही जोरात आमेन म्हणतात.

गोळ्यांचं तर बोलूच नये. ज्यांनी आपल्याकडे शुभवर्तमान आणलं त्यांनीच दवाखाने उभे केले. वाशीमचं रेनॉल्ड्स मेमोरियल, उमरीचं मिशन हॉस्पिटल, अचलपूरजवळ कोठाऱ्याला कुष्ठरोग्यांचा दवाखाना. प्रार्थना करणाऱ्याच हातांनी इंजेक्शन द्यायचं, यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. माझ्या लग्नाआधी मी मुलीचं रक्त तपासून घेतलं तेव्हा मंडळीत कुजबुज झाली, याचा भरवसा नाही म्हणे. रिपोर्ट साधा आला, लग्न झालं. दोन्ही पोरं धडधाकट आहेत. त्या रिपोर्टसाठी मी प्रार्थना केली होती आणि पॅथॉलॉजीवाल्याला पैसेही दिले होते.

आता पंचविसावं वचन. चोविसाव्याला चिकटूनच आहे. प्रार्थनेला उभे राहाल तेव्हा कोणाविरुद्ध मनात काही असेल तर त्याची क्षमा करा. ज्याला मोठ्या अक्षरात लावायचं आहे त्याने हेही लावावं, त्याचे मी पैसे घेणार नाही.

मला ते फार उशिरा दिसलं, आणि दिसलं तेव्हा आधी माझ्यावरच आलं. 2003 साली मी युवक संघाचा सेक्रेटरी होतो. गळ्यात टाय, हातात शास्त्र. मंडळीतल्या एका काकूंचा नवरा काविळीने गेला होता. त्यांच्या ओसरीवर बसून मी हेच वाक्य म्हटलं होतं, विश्वास कुठेतरी कमी पडला. शब्द तेच, आवाजही बहुतेक तोच. घरी येऊन पोटभर जेवलो होतो. दहा वर्षांनी आईला कोणी तेच म्हटलं, तेव्हा मला ती ओसरी आठवली.

भाऊ गेल्यावर दीड महिन्याने मी काकूंच्या वावरात गेलो. फरदडीचा कापूस वेचत होत्या. मी तासाच्या, म्हणजे कपाशीच्या ओळीच्या, कडेला उभा राहून बोललो, नीट बोलताही आलं नाही. त्यांनी हात थांबवला नाही.

"तू तवा पोट्टा होता," म्हणाल्या.

मग ते अख्खं तास वेचून झालं, दुसरं धरलं, तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "पन लागलं होतं मले."

मी चप्पल काढून बांधावर ठेवली आणि शेजारचं तास धरलं. संध्याकाळपर्यंत वेचलं. जाताना त्यांनी विचारलं, "माय जेवते का तुही?" मी म्हटलं, नाही जेवत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डब्यात अंबाडीची भाजी आणि भाकर घेऊन आमच्या घरी आल्या, आणि दुपारपर्यंत आईजवळ काहीच न बोलता बसल्या.