फेऱ्या दुप्पट केल्याने चूक निम्मी होत नाही

सांगलीतल्या ऑप्शनवाल्यांच्या ग्रुपवर हळदीचे भाव आणि भडंगाच्या गप्पांमधून एक मेसेज फिरतोय: मॉन्टे कार्लोत (यादृच्छिक आकड्यांनी भावाच्या अनेक काल्पनिक वाटचाली काढून, त्यांच्या सरासरीवरून ऑप्शनची किंमत काढायची पद्धत) फेऱ्या दुप्पट केल्या की किमतीतली चूक निम्मी होते. हे साफ चुकीचं आहे. चूक फेऱ्यांच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. एकेका फेरीतल्या परताव्याचं प्रमाणित विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) 15 रुपये असेल, तर 10,000 फेऱ्यांना प्रमाणित चूक 15 पैसे, 20,000 ला साधारण 10.6. निम्मी, म्हणजे 7.5 व्हायला 40,000 लागतात.

त्यापेक्षा प्रत्येक यादृच्छिक आकड्यासोबत त्याचा उणे आकडाही वापरा. साध्या कॉलला, म्हणजे ठरल्या भावाने खरेदीचा हक्क देणाऱ्या ऑप्शनला, हे स्वस्तात पडतं. मात्र चूक मोजताना जोडीची सरासरी हाच एक नमुना धरा.

बॅरियर ऑप्शन भाव ठरलेल्या पातळीला लागला की सुरू किंवा रद्द होतो. ही पातळी सतत तपासायची असताना दिवसातून एकदाच तपासली, तर मधे लागलेली पातळी निसटते आणि नॉक-आउटची (पातळी लागताच रद्द होणाऱ्या ऑप्शनची) किंमत जास्त निघते. तिथे कोटभर फेऱ्याही उपयोगाच्या नाहीत, वेळेची पायरीच बारीक करावी लागते.